ढगातले पोपट आणि नागपूरचा उन्हाळा

नागपूरच्या एका ताईंनी लिनी या छोट्या पोपटांच्या जोडीबद्दल लांबलचक प्रश्न विचारला आहे. त्याचा गोषवारा असा. फेब्रुवारीत त्यांनी एका पक्षीपालकाकडून एक हिरवा आणि एक निळा असे दोन लिनी आणले. देणाऱ्याने सांगितलं, बजी म्हणजे बजरीगर पोपटासारखंच सांभाळायचं, वेगळं काही लागत नाही. पण घरी आल्यापासून हे पक्षी बजीसारखे ताठ बसतच नाहीत, दांडीवर आडवे पडल्यासारखे बसतात. शेपटी सारखी पसरतात आणि मिटतात. उडण्यापेक्षा चालतात जास्त. कधी पिंजऱ्याच्या छताला उलटे लटकून पंख पसरून राहतात. विष्ठा पातळ आहे. आता एप्रिल लागलाय, पारा चाळिशी ओलांडून गेलाय आणि काल दुपारी निळा पक्षी चोच उघडी टाकून बसला होता. शेवटी त्यांनी विचारलंय, "हे ढगांच्या जंगलातले पक्षी आहेत असं वाचलं. मला जमलं नाही तर आंबोलीला नेऊन सोडू का? तिथेही ढग असतात."

ताई, आधी उघड्या चोचीचं बघू, कारण ते थांबण्यासारखं नाही. हे उत्तर वाचताय ती वेळ दुपारची असेल तर पिंजरा घरातल्या सगळ्यात थंड खोलीत हलवा. दोन मजली घर असेल तर खालच्या मजल्यावर, गच्चीखालच्या खोलीत अजिबात नको. पक्षी अजून धापा टाकत असेल तर त्याचे पाय आणि पंखाखालची बाजू साध्या पाण्याने ओली करा, माठातल्या गार पाण्याने नको. बर्फ नको, अंगावर तांब्याने पाणी ओतणं नको आणि ड्रॉपरने चोचीत पाणी घालणं तर मुळीच नको, ते श्वासनलिकेत जातं. शेजारी पाण्याची वाटी ठेवा, सावरला की तो स्वतः पितो. पंधरा-वीस मिनिटांत श्वास शांत झाला नाही, किंवा तो तोल जाऊन खाली बसला, तर थेट पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे.

आता बाकीचं. मी गेली २२ वर्षं पुण्यात पक्ष्यांवर उपचार करते. लिनी माझ्याकडे यायला लागून साधारण दहा वर्षं झाली असतील. त्यातले निम्मे तरी आजारी नसतात. त्यांचं वागणं त्यांच्या जातीला धरूनच असतं, पण ती जात कुठून आली हे पाळणाऱ्याला कुणी सांगितलेलं नसतं. उरलेल्या निम्म्यांचा आजारही बहुतेक वेळा त्याच न सांगण्यातून आलेला असतो. म्हणून तुमच्या एकेका प्रश्नाकडे वळण्याआधी मी तुम्हाला त्यांच्या गावाला नेते.

या पक्ष्याचं पूर्ण नाव लिनीओलेटेड पॅराकीट. पक्षीनिरीक्षक त्याला बार्ड पॅराकीट म्हणतात. शास्त्रीय नाव बोल्बोऱ्हिंकस लिनिओला. लिनिओला म्हणजे बारीकशी रेघ. पाठीवर आणि कुशीवर ज्या काळ्या आडव्या रेघा दिसतात, त्यावरून १८५३ साली जॉन कॅसिन या अमेरिकन पक्षीशास्त्रज्ञाने हे नाव दिलं. लांबी जेमतेम १६-१७ सेंटीमीटर, वजन ५० ग्रॅमच्या आसपास. दक्षिण मेक्सिकोपासून ग्वाटेमाला, होंडुरास, कोस्टा रिका करत पश्चिम पनामापर्यंत एक उपजात आहे. व्हेनेझुएला, कोलंबिया, इक्वेडोर, पेरूच्या अँडीज पर्वतात दुसरी. जंगलात हे सगळे हिरवे असतात. तुमच्याकडचा निळा रंग पिंजऱ्यातल्या पिढ्यांमधून निवडून वाढवलेला आहे.

हे पक्षी बहुतेक १५०० ते २९०० मीटर उंचीवर राहतात. आपलं कळसूबाई १६४६ मीटर आहे. म्हणजे महाराष्ट्राचा माथा जिथे संपतो, जवळपास तिथून यांचं गाव सुरू होतं.

काही वर्षांपूर्वी मी कोस्टा रिकाच्या तालामांका पर्वतात, सान हेरार्दो दे दोता नावाच्या दरीत आठ दिवस होते. लोक तिथे क्वेत्झाल हा पक्षी बघायला जातात. मी लिनीसाठी गेले होते. आठ दिवसांत त्यांचा आवाज पाच-सहा वेळा ऐकला, बसलेला पक्षी एकदाच दिसला. तेही सोबतच्या स्थानिक वाटाड्याने खांद्याला धरून मला वळवलं म्हणून. आवाज डोक्यावरून खूप उंचावरून येतो, मऊ किलबिलीसारखा. वर बघितलं तर वीस-पंचवीस ठिपके एकमेकांना चिकटून वेगाने जाताना दिसतात आणि ढगात शिरतात. तेच पक्षी झाडात उतरले की संपलं. पानांत ते सावकाश, पाऊल टाकत चालतात. फडफड नाही, आवाज नाही. चाहूल लागली की दांडीला समांतर आडवे होऊन थिजतात, आणि मग त्या रेघा पानांच्या सावल्यांमध्ये विरघळून जातात. मी ज्या फांदीकडे बघत होते तिथे चार पक्षी होते, असं तो वाटाड्या म्हणाला. मला एक दिसला.

ताई, तुमचे पक्षी आडवे बसतात ते यासाठी. त्यांच्या पूर्वजांनी ससाण्यापासून जीव वाचवला तो असा. शेपटी पसरणं-मिटणं हाही त्यांचा स्वभाव आहे. बजी उघड्या माळरानातला पक्षी आहे, त्याला उडून पळायचं असतं. लिनी पानांतून चालणारा. म्हणून त्याचा पिंजरा उंच असून उपयोग नाही, लांब-रुंद हवा. आत वेगवेगळ्या जाडीच्या खऱ्या फांद्या आडव्या-तिरप्या अडकवा. पेरूच्या, जांभळाच्या, कडुनिंबाच्या, औषध न मारलेल्या झाडाच्या. एका फांदीवरून दुसरीवर चालत जाता आलं पाहिजे. दुकानातल्या सगळ्या एकाच जाडीच्या गुळगुळीत दांड्यांवर यांची नखं फार लवकर वाढतात आणि मग जाळीत अडकून पाय दुखावतात. अशी केस माझ्याकडे दर दोन-तीन महिन्यांनी एखादी येतेच.

आता ढग. ढगांचं जंगल म्हणजे पावसाचं जंगल नव्हे. पाऊस तिथे पडतोच, पण समुद्रावरून आलेली दमट हवा डोंगराला धडकून वर चढते, थंड होते, आणि तो ढग झाडांतून चालत जातो. पानांवर, शेवाळावर, फांद्यांवरच्या ऑर्किड आणि ब्रोमेलियाडवर त्याचे थेंब जमतात आणि खाली ठिबकतात. आकाशातून पाऊस पडत नसतानाही जंगल ठिबकत असतं. ओकच्या झाडांना शेवाळाचे इतके जाड झगे असतात की मूळ साल दिसत नाही. दुपारी ऊन पडलं की स्वेटर काढावासा वाटतो, रात्री दोन ब्लँकेटं लागतात.

तिथे पक्ष्याला आंघोळीसाठी डबकं शोधावं लागत नाही. ओली पानं हेच त्याचं न्हाणीघर. लिनी उलटा लटकतो, पंख पसरतो आणि ओल्या पानांना अंग घासतो. तुमच्या पिंजऱ्यात तो छताला लटकून पंख पसरतो तेव्हा तो तेच मागतोय. त्याला वाटीतलं पाणी पुरत नाही. कोथिंबिरीची किंवा मेथीची जुडी नीट धुऊन, पाणी निथळत असतानाच पिंजऱ्याच्या छताला आतून बांधा आणि बाजूला होऊन बघा. पहिल्या दिवशी कदाचित घाबरतील, तिसऱ्या दिवशी त्यात शिरतील. स्प्रेच्या बाटलीने वरून धुकं पाडलं तरी चालतं. तोंडावर फवारा मारू नका. उन्हाळ्यात सकाळी आणि दुपारी असं दोनदा करा. संध्याकाळी उशिरा नको, अंग वाळून झोपले पाहिजेत.

पंख पसरणं आणि उन्हाने हाशहुश करणं यातला फरक ओळखता आला पाहिजे. आंघोळ मागणारा पक्षी चोच मिटून असतो, डोळे टवटवीत असतात, मध्येच हलतो. उन्हाने कासावीस झालेला पक्षी सरळ बसतो, पंख अंगापासून थोडे दूर धरतो, चोच उघडी असते आणि घसा थरथरत असतो. निळ्याचं काल जे झालं ते दुसरं होतं.

आणि इथे एक गोष्ट कळकळीने सांगते. "ढगातला पक्षी" हे वाचून काही लोक खोलीतच ढग तयार करायला जातात. माझ्याकडे येणाऱ्या एका कुटुंबाने गॅलरी काचेने बंद करून आत दिवसभर ह्युमिडिफायर चालू ठेवला होता. पक्ष्यांवर त्यांचा जीव होता, खर्चाकडे त्यांनी बघितलं नाही. दोन महिन्यांत एक लिनी गेला. फुप्फुसात आणि हवेच्या पिशव्यांत बुरशी होती, अस्परजिलोसिस. डोंगरावरचा ढग सतत वाहता असतो आणि थंड असतो. बंद खोलीतली गरम, साचलेली ओल ही त्याच्या अगदी उलट गोष्ट आहे, त्यात फक्त बुरशी पोसली जाते. ओल द्यायची तर हवा खेळती पाहिजे. ते जमत नसेल तर नुसती आंघोळ पुरे.

नागपुरात तुमच्या बाजूने एक गोष्ट आहे: तुमचा उन्हाळा कोरडा. कोरड्या हवेत कूलर उत्तम काम करतो, कोकणात किंवा मुंबईत तो कुचकामी. पण कूलरचा झोत पिंजऱ्यावर थेट येऊ देऊ नका, खोली थंड होऊ द्या. टाकीतलं पाणी दर दोन दिवसांनी काढून टाका आणि जुनं कुजकं गवत हंगामाच्या सुरुवातीलाच बदला, कारण वर सांगितलेली बुरशी तिथूनही येते. वाळ्याचा पडदा खिडकीला असेल तर फारच छान. खोलीचं तापमान ३० अंशांच्या आत ठेवा, असा माझा आग्रह राहील. एसी असेल तर २५-२६ वर. दिवे गेले तर पिंजऱ्याच्या एका बाजूला ओलं गोणपाट टाका, दुसरी बाजू उघडी. पिंजऱ्याशेजारी साधा थर्मामीटर टांगा. आपल्याला किती उकडतंय त्यावरून अंदाज बांधू नका, कारण पक्षी पंख्याखाली बसून घाम गाळू शकत नाही.

आता खाण्याकडे येते. लिनीचं जंगलातलं आयुष्य एका वनस्पतीभोवती फिरतं, तिचं नाव चुस्केया. हा तिथल्या डोंगरातला बांबू. आपल्या बांबूच्या मानाने काड्या बारीक, ओकच्या खाली दाट माजलेला. आणि आपल्या मानवेलीसारखाच तोही वर्षानुवर्षं फुलत नाही. मग एका पट्ट्यातला सगळाच्या सगळा एकदम फुलतो, बी धरतो आणि मरून जातो. बी धरलं की लिनी कुठून कुठून येतात. जिथे गेल्या कित्येक वर्षांत एकही दिसला नव्हता तिथे शेकड्यांनी दिसतात. बी संपलं की निघून जातात, आणि पुढची कित्येक वर्षं त्या दरीत त्यांचा मागमूस नसतो. आपल्याकडे कारवी सात-आठ वर्षांनी फुलते तेव्हा मधमाश्यांची जी झुंबड उडते, तिच्याशी याची तुलना करता येईल. फक्त इथे पाहुणे डोंगर ओलांडून येतात.

याचा एक अर्थ जंगलासाठी आहे. या पक्ष्याला एखादी राखलेली टेकडी पुरत नाही. आज या दरीत बांबू फुलला, पाच वर्षांनी शंभर किलोमीटर पलीकडे फुलणार, तर मधली डोंगररांग जंगलाची राहायला हवी. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेत ढगांच्या जंगलाचे मोठे पट्टे कॉफीसाठी आणि गुरांच्या कुरणांसाठी तुटले आहेत. कोस्टा रिकातलं मोंतेवेर्देचं अभयारण्य १९७२ पासून राखलेलं आहे, तरी तिथला अनुभव काळजीत टाकणारा आहे. त्याच जंगलातला सोनेरी बेडूक १९८९ नंतर कुणाला दिसलेला नाही. १९९९ साली तिथल्या संशोधकांनी दाखवून दिलं की कोरड्या हंगामात धुकं नसलेले दिवस वाढत चाललेत आणि खालच्या उंचीवरचे पक्षी वर सरकू लागलेत. ढगच वर सरकला तर डोंगरमाथ्यावरच्या प्राण्याला आणखी वर जायला जागा नसते. लिनी आज जागतिक यादीत धोक्याबाहेरच्या वर्गात आहे. पण इतक्या भटक्या, इतक्या अदृश्य पक्ष्याची संख्या मोजायला किती अवघड आहे, हे मी त्या फांदीखाली उभी राहून बघितलं आहे.

तुमच्या वाटीसाठी याचा अर्थ असा. हा पक्षी बारीक, गवताच्या जातीचं, पुष्कळदा अर्धवट पिकलेलं बी खाणारा आहे. जोडीला फळं, फुलं, कळ्या. त्यासाठी तो दिवसभर चालतो. पिंजऱ्यात चालणं कमी आणि वाटीत सूर्यफूल भरलेलं, मग यकृतावर चरबी चढायला वेळ लागत नाही. सूर्यफूल बंद करा, हाताने बक्षीस म्हणून दोन दाणे दिले तर पुरे. राळा, वरी, नाचणी, थोडी बाजरी असं मिश्रण द्या. आणि आपल्याकडे यांच्यासाठी एक सोन्यासारखी गोष्ट आहे, हुरडा! ज्वारीचं कोवळं, दुधाळ दाण्याचं कणीस पिंजऱ्यात अख्खं टांगा. अर्ध्या पिकल्या बांबूच्या बियांच्या इतकं जवळ जाणारं दुसरं काही मला इथे सापडलेलं नाही. थंडीत मिळेल तेव्हा जास्त आणून फ्रीजरमध्ये ठेवा आणि उन्हाळ्यात काढून द्या. बाजरीचं हिरवं कणीस, मक्याचं कोवळं कणीसही चालतं. नुसत्या बियांत अ जीवनसत्त्व जवळपास नसतं, म्हणून लाल भोपळा, गाजर, शेवग्याचा पाला रोज थोडा. पेरूची फोड. मोड आलेले मूग, पण उन्हाळ्यात दोन तासांनी उचलून टाका, आंबतात. अ‍ॅव्होकॅडो, चॉकलेट, चहा, खारट फरसाण कधीही नाही. आणि नॉनस्टिक तवा कोरडा तापवत ठेवू नका. त्याचा धूर स्वयंपाकघराशेजारच्या खोलीतल्या पक्ष्यालाही काही मिनिटांत मारतो.

विष्ठेचं: लिनीची विष्ठा बजीपेक्षा पातळ असतेच, आणि भाज्या-फळं वाढली की आणखी होते. मधला भाग आकार धरून आहे, हिरवट किंवा तपकिरी आहे, पांढरा भाग पांढराच आहे, तोवर काळजी नको. पांढऱ्याच्या जागी पिवळं किंवा पोपटी हिरवं दिसलं, न पचलेले दाणे दिसले, तर डॉक्टर.

पण विष्ठेपेक्षा मी वजनावर जास्त विश्वास ठेवते. पोपट आजार लपवतात. डोळ्यांना दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत मोजणारा डिजिटल काटा आणा, त्यावर छोटी फांदी बसवा आणि दर रविवारी सकाळी खाण्याआधी दोघांचं वजन वहीत लिहा. ५० ग्रॅमच्या पक्ष्याचं ५ ग्रॅम घटणं म्हणजे ५० किलोच्या माणसाचं ५ किलो घटणं. याशिवाय दिवसभर फुगून बसणं, पिंजऱ्याच्या तळाशी बसणं आणि श्वासाबरोबर शेपटी वर-खाली होणं ही तीन लक्षणं लक्षात ठेवा. तिसरं आणि नेहमीचं शेपटी पसरणं यांची गल्लत करू नका. पसरताना शेपटी पंख्यासारखी रुंद होते, श्वासाच्या त्रासात ती लयीत हापशासारखी चालते.

तुमची जोडी खरंच नर-मादी आहे का हे रंगावरून ठरवू नका, पिसाची डीएनए चाचणी करून घ्या. आणि या उन्हाळ्यात अंड्यांची पेटी लावूच नका.

आता आंबोली. नाही, ताई. तिथे नाही, महाबळेश्वरला नाही, कुठेच नाही. तुमच्या मनात त्यांचं भलं आहे हे मला कळतं, म्हणूनच नीट सांगते. आंबोलीची उंची सातशे मीटरच्या आसपास. ढग पावसाळ्याचे चार महिने, मार्च-एप्रिलमध्ये तिथलं रान कोरडं पडलेलं असतं. पिंजऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या वाढलेल्या पक्ष्याला शिकरा काय हे माहीत नसतं. निळा पक्षी तर हिरव्या पानांत लांबून दिसेल. तो दोन दिवस टिकला तर नवल. आणि समजा टिकलाच, तर प्रश्न त्याहून मोठा. पाळीव पोपटांमध्ये पिसं आणि चोच खराब करणारा एक विषाणू असतो, त्याच्यामुळे होणाऱ्या आजाराला पीबीएफडी म्हणतात. वरून ठणठणीत दिसणारा पक्षीही तो वाहून नेतो. आंबोलीच्या रानात निळ्या पंखांचा मलबारी पोपट राहतो, जो पश्चिम घाट सोडून जगात कुठेही नाही. तिथेच चिमणीएवढा तो हिरवा पोपटही राहतो, जो रात्री वटवाघळासारखा उलटा टांगून झोपतो. त्यांच्या घरात आपण आजार सोडायचा नाही.

कायद्याचंही बघा. लिनी साइट्स या वन्यजीवांच्या व्यापाराबद्दलच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा परदेशी प्रजाती आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आल्या, आणि २०२४ च्या नियमांप्रमाणे पक्षी ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणीसाठी अर्ज करायचा असतो. पिल्लं झाली, पक्षी दुसऱ्याला दिला, मेला, तरी कळवायचं. तुमच्याकडे खरेदीची पावती नसेल तर देणाऱ्याकडून आजच मागून घ्या. फेब्रुवारीत आणलेत म्हणजे मुदत उलटून गेली आहे, तेव्हा अर्ज भरताना वन विभागाच्या कार्यालयात स्वतः जाऊन विचारा.

आणि खरंच जमेनासं झालं तर अनुभवी पक्षीपालकाला द्या, कागदपत्रांसह, दोघांना एकत्रच. हे थव्याने राहणारे पक्षी आहेत, रात्री एकमेकांना चिकटून झोपतात. त्यांची ताटातूट करू नका.

पण मला वाटतं तुम्हाला जमेल. ज्याला शेपटीची हालचाल आणि लटकण्याची तऱ्हा इतकी बारकाईने दिसते, त्याला या पक्ष्यांचं बाकी सगळं दिसायला वेळ लागणार नाही. आज संध्याकाळी दोघांचं वजन करा आणि मला कळवा. निळ्याचं ४० ग्रॅमच्या खाली भरलं तर माझ्या उत्तराची वाट न बघता उद्या सकाळीच, ऊन चढायच्या आत, त्याला डॉक्टरांकडे न्या. नेताना पिंजऱ्यावर ओलसर पंचा टाका आणि हिरव्यालाही सोबत घ्या.